उताराचं इंटरनेट

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की वसईत, म्हणजे निदान माणिकपूरच्या आमच्या इमारतीत, इंटरनेट पहिल्यांदा आलं ते उताराने आलं. तिसऱ्या मजल्यावरून निघालं, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गेलं आणि राखाडी रंगाच्या एका वायरीतून वाहत तळमजल्यावर पोचलं. ते चढावाने येऊ शकत नाही, अशी आमच्या इमारतीतल्या एका माणसाची पक्की खात्री होती, आणि त्या माणसाशी वाद घालून जिंकलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना हे शास्त्राला धरून वाटत नसेल त्यांनी खुशाल उठून जावं. बाकीच्यांना मी केशवकाका चुरी यांची ओळख करून देतो.

केशवकाका म्हणजे मूळ मालक. कशाचे? सगळ्याचेच. आमची इमारत उभी होती ती त्यांच्या केळीच्या वाडीत. बिल्डरने केळी काढल्या, चार मजले चढवले आणि पश्चात्ताप झाल्यासारखं इमारतीला नाव दिलं ‘केळबाग’. जमिनीच्या बदल्यात काकांना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. काका तिथे राहायला गेले, पण वाडी काही त्यांच्या डोक्यातून खाली उतरली नाही. इमारतीतली घरं ते नंबराने ओळखतच नसत. मी नवा राहायला आलो तेव्हा जिन्यात मला अडवून त्यांनी विचारलं होतं, “दुसऱ्या मजल्यावर कोन, तुमी? म्हनजे बसराई केळीवर आलात. चांगली जागा. तिथली केळ कधी पडली नाय.” आमच्या सोसायटीचे अध्यक्ष लोपीस सर शाळेत गणित शिकवायचे आणि पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांना काकांनी एकदा भर सभेत सांगितलं, “सर, तुमी जिथं झोपता ना, तिथं आमचं अळू व्हतं. म्हनून तुमाला खाज फार.” लोपीस सर हसले. हसण्यावाचून इलाजच नव्हता, कारण काकांचा आवाज. वाडीच्या या कुंपणावरून त्या कुंपणापर्यंत बोलण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला चार भिंतींत किती आवाज पुरतो हे कोणी शिकवलंच नव्हतं. ते घरात काकींकडे चहा मागायचे आणि गेटवरचा रिक्षावाला मान वर करून बघायचा.

मूर्ती उंच, अंगात बनियन, खाली पट्ट्यांची अर्धी चड्डी, मिशी पांढरी आणि भलतीच आत्मविश्वासू. खिडकी हे त्यांचं व्यासपीठ. जिना उतरून येणं त्यांना कमीपणाचं वाटायचं असं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरून सगळी वाडी दिसते, मग उतरायचं कशाला, असा सरळ हिशेब.

अशा माणसाकडे कॉम्प्युटर आला. अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला, पुतण्याने उचलून आणलेला. मूळचा पांढरा असावा. आमच्याकडे पोचला तेव्हा त्याला पिकत्या केळ्याचा रंग चढला होता, आणि केवळ या एका गुणावर काकांनी त्याला घरात घेतला असा माझा कयास आहे. फोन त्यांच्याकडे वाडीच्या काळापासूनच होता. पुतण्याने मोडेम जोडलं, इंटरनेट कसं लावायचं ते दाखवलं आणि तो गेला. त्या दिवसापासून रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी मांजराला पत्र्यावरून घासत नेतंय असा आवाज यायला लागला. मोडेम लागताना तसाच आवाज करायचं. आम्ही घाबरायचो, काका खूश व्हायचे. “रहाटाचा आवाज असाच येतो,” म्हणायचे. “पानी लागलं म्हनजे कुरकुरतोच.”

हे इंटरनेट घेऊन काका करायचे काय? ते रोज लिस्बनचं हवामान बघायचे.

मी विचारलं, “काका, लिस्बनच का?”

“पोर्तुगीज आपल्याकडनं गेले ते तिथंच ना गेले? घाईत गेले. कोट इथंच टाकून गेले,” काका म्हणाले. वसईच्या किल्ल्याला ते लहानपणापासून कोटच म्हणत. “म्हटलं छत्री तरी नेली काय, बघावं.”

आता तळमजल्यावर या. तिथे देवस्थळी. हे गिरगावातून आलेले, बँकेतले अधिकारी, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. भाषा अशी शुद्ध की भाजीवालीशी घासाघीस करतानाही वाक्याला कर्ता, कर्म, क्रियापद. सोसायटीचे सचिव तेच. नोटीस लिहावी तर त्यांनीच. निवृत्तीनंतर देवस्थळींनी भाषांतराची कामं घेतली. पुण्याची एक कंपनी त्यांना यंत्रांची माहितीपुस्तकं पाठवायची आणि हे ती मराठीत करायचे. त्यासाठी त्यांनी एक जुना कॉम्प्युटरही पैदा केला होता. नव्हता तो फोन. अर्ज करून बसले होते, आणि उत्तर ठरलेलं : तुमच्या भागात जोडणी शिल्लक नाही. “त्या नव्या वसाहतीत, एव्हरशाईन सिटीत, म्हणे सगळ्यांना फोन मिळाले,” एवढंच एक वाक्य ते दर आठवड्याला खिन्नपणे बोलायचे. मग फ्लॉपी रुमालात गुंडाळून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायचे. तिथे शेजारच्या खुर्च्यांवर कॉलेजची मुलं बंदुकांचे खेळ खेळत असायची, आणि त्या गोळीबारात देवस्थळी ‘कळ दाबताच झाकण उघडेल’ असलं काहीतरी पुण्याला धाडायचे.

एकदा काकांनी त्यांना खिडकीतून गाठलं.

“देवस्थळी! रुमालात काय?”

“फ्लॉपी आहे,” देवस्थळी म्हणाले. “स्टेशनवर जाऊन इंटरनेटवरून पाठवावी लागते.”

“रोज?”

“जवळजवळ रोज.”

वरून काही क्षण आवाजच आला नाही. काकांच्या बाबतीत ही फार मोठी घटना. मग ते म्हणाले, “म्हनजे आमची विहीर भरलेली न तुमी पान्याला स्टेशनवर जाता? लाज काढता काय वाडीची?”

झालं. त्या क्षणी इंटरनेट म्हणजे पाणी हे ठरलं आणि पुढचं सगळं त्यातून ओघानेच आलं.

तुम्हाला वाड्यांची पद्धत सांगायला हवी. एका विहिरीवर दोन-तीन वाड्या शिंपल्या जायच्या. विहीर कुणाच्या का मालकीची असेना, पाणी सगळ्यांना पाळीने मिळायचं. मातीच्या पाटांतून ते उताराने जायचं, आणि शेवटच्या टोकाच्या वाफ्याला ते आधी सोडायचं, कारण वाटेत जिरून त्यालाच कमी पडतं. काका या कायद्यात वाढलेले. त्यांनी तो जसाच्या तसा कॉम्प्युटरला लावला.

माणिकपूरचा कॉम्प्युटरवाला पिंटो वायर घेऊन आला. दोन्ही कॉम्प्युटरना एकेक कार्ड बसवायचं, मध्ये वायर टाकायची, वरच्या कॉम्प्युटरने फोन लावायचा आणि आलेलं इंटरनेट खालच्याला वाटून द्यायचं. मात्र वरचा बंद तर खालचाही बंद. पिंटोने हे समजावून सांगितलं तेव्हा काकांनी ‘एवढं साधं सांगायला दुकान कशाला लागतं’ अशा नजरेने त्याच्याकडे बघितलं. भांडण पुढे झालं. पिंटोला वायर आधी गच्चीवर न्यायची होती आणि तिथून पाइपाच्या कडेने खाली सोडायची होती.

“वर कशाला नेतोस?” काका कडाडले. “पानी चढ चढतं काय?”

“काका, यात पाणी नाहीये.”

“मग काय हाय?”

पिंटो अडखळला. “सिग्नल.”

“तो चढतो?”

“चढतो.”

“तुझ्या दुकानात चढत असेल.”

वायर काकांच्या खिडकीतून सरळ खाली सोडण्यात आली. वाटेत दुसऱ्या मजल्यावर माझं स्वयंपाकघर लागत होतं, त्यामुळे ती आमच्या खिडकीच्या गजाला एक सैल गाठ घेऊन गेली. पुढे जे घडलं त्याचा साक्षीदार होण्याचं माझं भाग्य त्या गाठीत आहे. पण तळमजल्यावर नवीच अडचण. वायर खिडकीतून आत जायची, जमिनीवर पडायची आणि तिथून देवस्थळींच्या टेबलावर चढायची. काका स्वतः खाली जाऊन पाहून आले.

“टेबल खाली घ्या.”

“टेबल खाली कसं घेणार?” देवस्थळी म्हणाले.

“मग कॉम्प्युटर खाली घ्या. वाफा पाटाच्या वर असतो काय कुठं?”

देवस्थळींनी पिंटोकडे पाहिलं. पिंटोला संध्याकाळपर्यंत घरी जायचं होतं. तो म्हणाला, “खाली घेतल्याने बिघडणार काहीच नाही.” अशा रीतीने एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने सत्यनारायणाचा चौरंग मांडला, त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि समोर पाटावर मांडी घालून बसला. देवस्थळीवहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता तो भक्तीने नव्हे. वरून काकांनी फोन लावला, मांजर पत्र्यावरून घासत गेलं, आणि खाली पडद्यावर कुठलंसं चित्र उमटायला लागलं. त्या काळी चित्रं कशी यायची आठवतं? आधी वरची एक पट्टी, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. काका देवस्थळींच्या खिडकीत येऊन उभे राहिले होते. त्यांनी पिंटोला खांद्याला धरून पडद्यासमोर आणलं.

“बघ. वरनं खाली येतंय ना?”

पिंटोने हत्यारं पिशवीत भरली आणि तो गेला. विज्ञानाचा त्या दिवशीचा पराभव मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

मग पाळ्या लागल्या. टोकाचा वाफा आधी, म्हणून सकाळची पाळी देवस्थळींची. लिस्बनमध्ये छत्र्या उघडल्या की मिटल्या, हे काका दुपारी बघायचे. पाळी सुरू करायचाही विधी होता. काका फोन लावायचे आणि खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, “सोडलं रेऽऽ!” यावर खालून “पोचलं!” असं उत्तर यायला हवं. देवस्थळींना हे मुळीच पसंत नव्हतं. पहिल्या दिवशी ते गप्प बसले. काकांनी दोनदा ओरडून बघितलं आणि सरळ फोन तोडला. पाच मिनिटांत ते माझ्या स्वयंपाकघरात, गजाला बांधलेली वायर चाचपत.

“तुमच्याकडे गळत नाय ना?”

“नाही हो काका.”

“वहिनी, ही कुंडी उचला. पाट दबतोय.”

माझ्या बायकोने ओव्याची कुंडी उचलली. काकांनी वायर दोन बोटांनी वरपासून खालपर्यंत निरपली आणि परत जाऊन फोन लावला. “सोडलं रेऽऽ!” आता मात्र खालून अतिशय तुटक आणि प्रमाण मराठीत “पोचलं!” ऐकू आलं. पुण्याचं काम थांबलं होतं, करतात काय. महिनाभरात देवस्थळींची भीड अशी चेपली की त्यांचं “पोचलं!” ऐकून शेजारच्या इमारतीतल्या बायका कुकर लावू लागल्या.

इथवर सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग निघाला विहिरीचा विषय.

इमारतीच्या मागे काकांची विहीर अजून होती. बिल्डरने तिला हात लावला नव्हता, कारण काकांनी लावू दिला नव्हता. रहाट गेला होता, पण पाणी होतं आणि त्यात एक म्हातारं कासव होतं. काका त्याला ‘सोसायटीचा सगळ्यात जुना सभासद’ म्हणायचे आणि रोज संध्याकाळी त्याच्यासाठी पावाचे तुकडे टाकायचे. सचिव या नात्याने देवस्थळींचं म्हणणं पडलं की विहिरीत डास होतात, मुलं कठड्यावर चढतात आणि स्कूटर उभ्या करायला जागा नाही. सबब विहीर बुजवावी. त्यांनी तशी नोटीस लावली. मुद्दे खोटे नव्हते. इमारतीत स्कूटर वाढल्या होत्या, त्यातली एक माझीही होती, आणि बरेचजण मनातून बुजवण्याच्या बाजूचे होते.

काकांनी नोटीस वाचली. वाडीतलं सगळं गेलं होतं आणि राहिलेलं एवढंच होतं. त्या दिवशी त्यांचा आवाज ऐकून स्टँडवरचे रिक्षावाले प्रवासी सोडून आमच्या गेटशी आले. पुढच्या सभेत ते नेहमीप्रमाणे खिडकीतून तासभर बोलले. देवस्थळींनी सोसायटीचे नियम काढले आणि लोपीस सरांकडून निर्णयच घेतला, की खिडकीतून केलेलं भाषण सभेत धरलं जाणार नाही. ज्याला विरोध करायचा असेल त्याने खाली येऊन करावा. विहिरीचा ठराव पुढच्या सभेत मांडायचं ठरलं. त्या दिवसापासून काका आणि देवस्थळी यांचं बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळलो. म्हटलं, आज पाणी तुटणार. वेळ झाली. मांजर पत्र्यावरून गेलं. वरून आवाज आला :

“सोडलं रे, विहिरीबुजव्याऽऽ!”

पुण्याचं काम आणि स्वाभिमान यांची खाली कुस्ती चालली असावी. मग उत्तर आलं :

“पोचलं! आभारी आहे, आडमुठे गृहस्थ!”

आणि हे रोज सुरू झालं. “सोडलं रे, दगडाच्या काळजाऽऽ!” “पोचलं, विवेकशून्य!” “सोडलं, कासवाच्या वैऱ्या!” “पोचलं! कासवाला माझा नमस्कार सांगा, त्याला तरी अक्कल आहे!” याला बोलणं म्हणायचं नाही, असं दोघांचंही मत होतं. त्यांचा अबोला होता. प्रत्यक्ष निरोप असला तर तो माझ्यामार्फत जायचा. “त्या माणसाला सांगा, पाळी संपली,” वरून. “त्या माणसाला म्हणावं, दहा मिनिटं अजून हवीत,” खालून. मध्ये मी, हातात चहाचा कप घेऊन.

एकदा न राहवून मी काकांना विचारलं, “एवढा राग आहे तर वरचा कॉम्प्युटर बंद का ठेवत नाही? देवस्थळी दोन दिवसांत वठणीवर येतील.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळात चप्पल घालून गेलो होतो.

“माझा बापूस आनि शेजारचा जगू पाटील, दोघांचं बांधावरनं भांडन. कोर्टात गेले. एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला गेले नाय. पन पाळी कधी चुकवली काय? विचारा कोनाला पन. भांडन मानसाचं. केळीनं काय केलंय?”

“आणि या शिव्या?”

“त्याला कुठं बंदी हाय?” काका मिशीत हसले. “शिवी देऊन सोडलेलं पानी लवकर पोचतं. बापूस म्हनायचा.”

त्यांच्या वडिलांनी हे खरंच म्हटलं होतं की काकांनी त्या क्षणी बनवलं, देव जाणे. माझा संशय दुसऱ्या बाजूला आहे.

आणि मग तो रविवार उगवला. सभा सकाळी, विहिरीच्या कठड्याशेजारी. खुर्च्या मांडलेल्या. विषय एकच. आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत देवस्थळींना पुण्याला सगळ्यात मोठी फाईल पाठवायची होती. कपडे धुण्याच्या यंत्राचं अख्खं माहितीपुस्तक, चित्रांसकट. छपाई खोळंबली होती. कंपनीने कळवलं होतं की आज ते आलं नाही तर पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल. देवस्थळी हे कुणाला बोलले नव्हते. पण वहिनी माझ्या बायकोला बोलल्या होत्या, म्हणजे इमारतीला माहीत होतं.

त्यात काकांच्या फोनच्या वायरीने दगा दिला. मोडेममध्ये ती जिथे खोचतात तिथला प्लॅस्टिकचा चाप तुटला होता. विजा चमकल्या की काका ती दोरीसारखी खेचून काढायचे, त्याचं हे फळ. आता वायर अंगठ्याने दाबून धरली तरच लागायची. पिंटो रविवारचा चर्चला. काकी माहेरी अर्नाळ्याला गेलेल्या. सभेआधी मी वर गेलो तर काका खिडकीपाशी, मोडेमवर अंगठा रोवून बसलेले.

“काका, सभा सुरू होतेय. विहिरीचा ठराव आहे. तुम्ही जा, मी धरतो.”

“तुमी?” त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. “नोकरदाराचा अंगठा. हलेल.”

“अहो, पण विरोध करायला तुम्ही नसलात तर...”

“त्याची पाळी हाय,” काका म्हणाले. “अर्ध्यावर तोडू?” आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “सोडलं रे, मेल्याऽऽ!”

“पोचलं!” खालून आलं. आज पुढे शिवी नव्हती. देवस्थळींनी फाईल लावून दिली, वहिनींना चौरंगासमोर पाटावर बसवलं आणि कागद घेऊन ते सभेला आले.

अशी सभा मी पुन्हा पाहिली नाही. देवस्थळी उभे राहून ठराव वाचताहेत. “सदर विहीर ही सोसायटीच्या आवारात असून...” आणि त्यांच्या डोक्यावरून संवाद :

“वहिनीऽऽ! किती गेलं?”

“पाव भाग गेला, भावजी!”

“...डासांचा उपद्रव वाढत असल्याकारणाने...”

“खोटं बोलतो, कासव डास खातं! वहिनी, आता किती?”

“अर्धं झालं!”

लोपीस सर वर बघून म्हणाले, “चुरी, खाली या. तुमच्या विहिरीचंच चाललंय. खिडकीतलं बोलणं धरता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

“कसा येऊ? याची फाईल चालली हाय! अंगठा काढला तर पयल्यापासनं!”

सगळ्यांनी वर पाहिलं. खिडकीत काकांचं डोकं, एक हात आत कुठेतरी ताणलेला, कपाळावर घाम. मग सगळ्यांनी देवस्थळींकडे पाहिलं. देवस्थळींनी कागदाकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. ते त्यांच्याच अक्षरात होतं, तरी त्यांना लागेना. कासव पाण्यावर आलं होतं, त्याचा बुडबुडा ऐकू आला.

लोपीस सरांना बाराच्या आत घरी जेवायचं होतं. ते म्हणाले, “ठराव वाचून झाला. विरोध कोणाचा आहे?”

स्कूटरवाले गप्प होते, आणि ज्यांच्याकडे स्कूटर नव्हती ते देवस्थळींचं तोंड बघण्यात गुंग होते.

“विरोध नसेल तर मी ठराव...”

“थोडंच राहिलंय हो!” वहिनी आतून ओरडल्या.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. विहीर आजही तिथेच आहे. तिच्यावर लोखंडी जाळी बसवली आहे, आणि स्कूटर गेटबाहेर उन्हात तापतात. फाईलही पुण्याला पोचली, कारण काका शेवटपर्यंत खाली आलेच नाहीत. ठराव मात्र लोपीस सरांना बाजूला ठेवावा लागला. मांडणाऱ्यानेच तो असा मोडल्यावर दुसरं करणार काय? पुढे काका थकले, बंदरावरून वारा येतो म्हणून अर्नाळ्याला सासुरवाडीच्या घरी राहायला गेले आणि तिकडेच संपले. पण मला आठवतात ते त्या खिडकीतले. हातभर बाहेर आलेले, मिशी घामाने ओली, अंगठा आत मोडेमवर, आणि नजर खाली विहिरीवर, जी बुजवण्याचा ठराव आता कोणत्याही क्षणी मंजूर होणार होता. तोंडातून एक शिवी नाही. फक्त अंगठा.

तेवढ्यात कागद चुरगळल्याचा आवाज झाला. देवस्थळी लाल झाले होते. अबोला धरल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मान वर करून, थेट, मला मध्ये न घेता, काकांना उद्देशून घसा फाटेस्तोवर हाक मारली :

“अहो चुरी, मरू दे ती फाईल! सोडा ती वायर आणि खाली या आधी! ठरावाला विरोध कोण करणार, मी?”